पोस्टच्या नावामागचं काम: ओ-नेट वाचायचं कसं?

"मेकॅनिकल इंजिनिअर दिवसभर नेमकं काय करतो?" हा प्रश्न थर्ड इयरच्या कुठल्याही वर्गात विचारून पहा. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. कोणी म्हणेल डिझाईन, कोणी म्हणेल प्रॉडक्शन, आणि मागच्या बाकावरून आवाज येईल, "शेवटी आयटीतच जायचंय ना, मग कशाला चौकशी!"

मित्रमैत्रिणींनो, हसण्यावारी नेऊ नका. चार वर्षं आपण सबमिशन, व्हायवा, केटी या चक्रात फिरतो. पण ज्या कामासाठी हे सगळं चाललंय, ते काम सोमवारी सकाळी कसं दिसतं, हे आपल्यापैकी फार थोड्यांना सांगता येईल. प्लेसमेंटच्या नोटिशीवर ठळकपणे तीनच गोष्टी असतात: कंपनीचं नाव, पोस्टचं नाव आणि पॅकेज. आपण तिसरी गोष्ट आधी वाचतो, पहिली गोष्ट मित्रांना सांगतो आणि दुसरी गोष्ट कोणी नीट वाचतच नाही!

या लेखात त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे. पोस्टच्या नावामागचं काम समजून घ्यायला एक चांगलं साधन फुकट उपलब्ध आहे. त्याचं नाव ओ-नेट. ते कसं वाचायचं, त्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं, एवढाच या लेखाचा हेतू. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे मराठीत मधे मधे इंग्रजी शब्द घुसतील, तेवढं सांभाळून घ्या.)

ओ-नेट म्हणजे काय?

ओ-नेट हा अमेरिकेच्या श्रम खात्याचा, म्हणजे सरकारी, डेटाबेस आहे. ऑक्युपेशनल इन्फर्मेशन नेटवर्क असं त्याचं पूर्ण नाव. छापताना 'ओ' आणि 'नेट' यांच्या मधे एक चांदणी काढतात. तो तयार करायचं काम नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या केंद्रात चालतं.

याची गोष्ट जुनी आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत महामंदी आली, लाखो लोक बेकार झाले. सरकारी नोकरी-केंद्रांत एका बाजूला माणसं, दुसऱ्या बाजूला रिकाम्या जागा. पण एकाच कामाला प्रत्येक गावात वेगळं नाव! मग जोडी जुळवायची कशी? म्हणून १९३९ साली सरकारनं व्यवसायांचा एक कोश काढला: डिक्शनरी ऑफ ऑक्युपेशनल टायटल्स. त्यात सुमारे १७,५०० कामांच्या व्याख्या होत्या. त्याच्या नव्या आवृत्त्या १९९१ पर्यंत निघत राहिल्या.

पण जाडजूड पुस्तक छापून होईपर्यंत कारखान्यातलं काम बदललेलं असायचं. शिवाय त्या कोशात प्रत्येक काम वेगवेगळं सांगितलेलं. एका कामाची दुसऱ्याशी तुलना करायची तर सगळ्यांना लागू पडेल अशी कौशल्यांची मोजपट्टी नव्हती. १९९३ साली एका सल्लागार समितीनं कोशाऐवजी डेटाबेस करा अशी शिफारस केली आणि १९९८ साली ओ-नेटची पहिली आवृत्ती आली.

त्याच्या २०१९ च्या वर्गीकरणात १,०१६ व्यवसाय आहेत, त्यातल्या ९२३ व्यवसायांची सविस्तर माहिती गोळा केली जाते. ही माहिती कोणी ऑफिसात बसून कल्पनेनं लिहीत नाही. आधी नमुना म्हणून कामाची ठिकाणं निवडतात, मग तिथे ते काम प्रत्यक्ष करणाऱ्या माणसांना प्रश्नावल्या देतात. रोज कोणती कामं करता, कोणतं ज्ञान लागतं, कुठे बसता, कुठे उभे राहता? ही उत्तरं वाचून प्रशिक्षित विश्लेषक कौशल्यांना आणि क्षमतांना आकडे देतात.

एक पान उघडून बघू

प्रत्येक व्यवसायाला एक कोड आहे. मेकॅनिकल इंजिनिअर्सचा कोड १७-२१४१.००, सिव्हिलचा १७-२०५१.००, इलेक्ट्रिकलचा १७-२०७१.००. सुरुवातीचा १७ म्हणजे आर्किटेक्चर आणि इंजिनिअरिंगचा गट. सॉफ्टवेअर डेव्हलपर्स १५-१२५२.०० वर सापडतील, कारण १५ हा कॉम्प्युटर आणि गणिताचा गट. कोड पाठ करायची गरज नाही. साध्या शब्दांत काम टाईप केलं तरी जवळचे व्यवसाय समोर येतात.

आता मेकॅनिकल इंजिनिअर्सचं पान घेऊ. सगळ्यात आधी टास्क वाचा, म्हणजे रोजची कामं. ड्रॉइंग आणि ब्लूप्रिंट वाचून अर्थ लावणं. यंत्र बंद पडलं किंवा नीट चालेना तर कारण शोधून उपाय सुचवणं. बिघाड पुन्हा होऊ नये म्हणून डिझाईनमध्ये बदल सुचवणं. इतर इंजिनिअर्सशी चर्चा करून अडचण सोडवणं.

बघा, सेकंड इयरला मशीन ड्रॉइंगची शीट आपण 'जीटी' मारून काढतो, म्हणजे काचेखाली दिवा लावून दुसऱ्याची छापतो. आणि इथे व्यवसायाच्या पानावर ड्रॉइंग वाचणं हे रोजचं काम म्हणून लिहिलेलं आहे! हे वाचल्यावर कुठला विषय 'काढायचा' आणि कुठला शिकायचा हे आपलं आपल्यालाच कळतं.

टास्कनंतर स्किल्स येतात. ओ-नेटमध्ये एकूण ३५ स्किल्स आहेत आणि सगळ्या व्यवसायांना हीच ३५ लावलेली आहेत. त्यातली १० मूलभूत: वाचून समजणं, लक्ष देऊन ऐकणं, लिहिणं, बोलणं, गणित, विज्ञान, चिकित्सक विचार वगैरे. बाकीची २५ पुढची: अवघड प्रश्न सोडवणं, तांत्रिक स्किल्स, लोकांबरोबरची स्किल्स, वेळ-पैसा-माणसं सांभाळणं इत्यादी. स्किल्सशिवाय ५२ क्षमता आणि ३३ ज्ञानक्षेत्रंही आहेत.

आपल्याकडे 'सॉफ्ट स्किल्स' हा शब्द इतका सैल वापरतात की त्याचा अर्थ फाडफाड इंग्रजी बोलणं एवढाच उरलाय. माझं इंग्रजी शाळेमुळे बरं आहे, पण म्हणून माझ्यात ती सगळी स्किल्स आली असं होत नाही. ओ-नेटमध्ये ऐकणं वेगळं, बोलणं वेगळं, पटवून देणं वेगळं, वाटाघाट वेगळी, शिकवणं वेगळं. गावाकडून आलेला एखादा मित्र इंग्रजीत अडखळतो, पण सबमिशनच्या आदल्या रात्री सगळ्या फ्लोअरला थर्मो तोच शिकवतो. त्याच्याकडे 'शिकवणं' हे स्किल आहे, आणि ते या यादीत नाव घेऊन आहे.

दोन मोजपट्ट्या, एक सूत्र

आता थोडं टेक्निकल. प्रत्येक स्किलला दोन आकडे असतात. पहिला महत्त्वाचा: हे स्किल या कामात किती महत्त्वाचं आहे? तो १ ते ५ असतो. दुसरा पातळीचा: ते किती वरच्या दर्जाचं लागतं? तो ० ते ७ असतो.

दोन आकडे कशाला? 'वाचून समजणं' घ्या. पातळी २ चं उदाहरण म्हणून ओ-नेटनं दिलंय: फॉर्म कसा भरायचा याच्या पायरीपायरीच्या सूचना वाचणं. पातळी ४: कर्मचाऱ्यांसाठीचे नवे नियम सांगणारा मॅनेजमेंटचा संदेश समजणं. पातळी ६: शस्त्रक्रियेच्या पद्धतींवरचा शास्त्रीय जर्नलमधला लेख वाचणं. तिन्ही ठिकाणी वाचणं महत्त्वाचंच आहे, पण वाचायचं काय यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. महत्त्व आणि पातळी यांची गल्लत केली की सगळा अभ्यास चुकतो.

हेच आकडे पानावर बऱ्याचदा ० ते १०० मध्ये बदलून दाखवतात. सूत्र सोपं आहे: मूळ आकड्यातून मोजपट्टीचं खालचं टोक वजा करा, मोजपट्टीच्या लांबीनं भागा, १०० नं गुणा. समजा महत्त्व ३.८८ आहे. ३.८८ वजा १ म्हणजे २.८८. भागिले ४ म्हणजे ०.७२. म्हणून पानावर ७२. तसंच पातळी ४ असेल तर ४ भागिले ७, म्हणजे ५७.

म्हणून लक्षात ठेवा, ७२ म्हणजे फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन नव्हे! आणि महत्त्व ५० याचा अर्थ मूळ मोजपट्टीवर बरोबर ३, म्हणजे 'महत्त्वाचं'. पन्नास दिसलं म्हणून ते स्किल सोडून देऊ नका.

जॉब झोन नावाचा आणखी एक आकडा असतो, १ ते ५. किती शिक्षण आणि तयारी लागते ते त्यावरून कळतं. मेकॅनिकल, सिव्हिल, सॉफ्टवेअर डेव्हलपर हे सगळे झोन ४ मध्ये, म्हणजे साधारण पदवीचे व्यवसाय. म्हणजे आयटी 'वरचं' आणि कोअर 'खालचं', किंवा उलट, असं या मोजपट्टीवर तरी काही नाही. दोन्ही पानं शेजारी ठेवा. वाचून समजणं, लक्ष देऊन ऐकणं, चिकित्सक विचार, अवघड प्रश्न सोडवणं ही दोन्हीकडे वरच्या बाजूला आहेत. प्रोग्रॅमिंग मात्र डेव्हलपरच्या पानावर वर आहे, मेकॅनिकलच्या पानावर तसं नाही. म्हणजे कोअर की आयटी हे ठरलेलं नसलं तरी पहिली चार स्किल्स कमवायला आजपासून हरकत नाही. ती वाया जाणार नाहीत.

'जीईटी' हा व्यवसाय नाही

आपल्या नोटीस बोर्डवर सगळ्यात जास्त दिसणारी पोस्ट कोणती? ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी. ओ-नेटच्या व्यवसायांच्या यादीत ती शोधू नका. कारण तो व्यवसाय नाही, ती कंपनीत शिरायची पायरी आहे. ट्रेनिंग संपल्यावर तुम्हाला कुठल्या डिपार्टमेंटला टाकतात यावर तुमचं खरं काम ठरतं.

डिझाईनला गेलात तर १७-२१४१.०० हे पान तुमचं. उत्पादनाची पद्धत बसवायचं काम आलं तर मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअर्स, १७-२११२.०३. लाईनवरच्या कामगारांवर देखरेख आली तर प्रॉडक्शन सुपरवायझर, ५१-१०११.००. मेंटेनन्सची टीम सांभाळायची तर ४९-१०११.००. खरेदी विभागात गेलात तर १३-१०२३.००. आणि गिऱ्हाइकाला यंत्र समजावून विकायचं तर सेल्स इंजिनिअर्स, ४१-९०३१.००.

एकच डिग्री, एकच पोस्ट, एकच पॅकेज आणि सहा वेगळी आयुष्यं! सेल्समध्ये पटवून देणं आणि बोलणं वर येतं, मेंटेनन्समध्ये माणसं सांभाळणं आणि यंत्रावर नजर ठेवणं. म्हणून प्री-प्लेसमेंट टॉकच्या शेवटी "एनी क्वेश्चन्स?" असं विचारतात तेव्हा गप्प बसू नका. विचारा, "सर, ट्रेनिंगनंतर कोणकोणत्या डिपार्टमेंटला घेतात, आणि ते कशावर ठरतं?" या एका प्रश्नाच्या उत्तरावर तुमची पुढची दोन-तीन वर्षं अवलंबून आहेत.

मुलींनी शॉपफ्लोअरवर जावं का?

हा भाग मी थोडा स्वतःसाठी लिहितेय. मेकॅनिकलला आम्ही मुली मोजक्याच. सुट्टीत घरी गेलं की मामा, आत्या, शेजारच्या काकू सगळे एकच सांगतात: "मुलीच्या जातीला कारखाना नको, कॉम्प्युटरचं बघ." आई-बाबा उघड काही बोलत नाहीत, पण त्यांनाही तेच वाटतं हे कळतं. त्यांना माझी काळजी आहे, म्हणून भांडून उपयोग नाही. पण काळजी नेमकी कशाची, हे तर विचारता येतं ना?

ओ-नेटनं इथे मला मदत केली. ५२ क्षमतांपैकी ९ शारीरिक आहेत: निरनिराळ्या प्रकारची ताकद, दम, लवचिकपणा, तोल. मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या पानावर त्या तळाशी आहेत. वर आहेत ऐकून समजणं, वाचून समजणं, तर्क करणं, काहीतरी बिघडतंय हे वेळेत ओळखणं. हे बाबांना फोनवर वाचून दाखवलं.

पण अर्धंच पान वाचायचं नाही. 'वर्क कॉन्टेक्स्ट' म्हणजे कामाची परिस्थिती, हा भागही वाचायला हवा. आवाज किती, उभं किती वेळ राहायचं, सेफ्टी शूज आणि गॉगल लागतात का, आठवड्याला किती तास? डिझाईनच्या पानावरची उत्तरं आणि प्रॉडक्शन सुपरवायझरच्या पानावरची उत्तरं यात फरक आहे, आणि तो फरक मुलगा-मुलगी दोघांनाही सारखाच लागू आहे. मुलांनी तरी तो कुठे वाचलाय?

मग उरतात खऱ्या अडचणी: रात्रपाळी, घरापासून कंपनीची बस, लेडीज टॉयलेट, राहायची सोय. यातलं काहीही अमेरिकन डेटाबेस सांगणार नाही. ते कंपनीला आणि तिथे काम करणाऱ्या आपल्या सीनियर मुलींनाच विचारायचं. पण "कारखाना मुलींचा नाही" या एका वाक्याचे चार प्रश्न झाले, आणि प्रश्नांना उत्तरं असतात. घरी अजून होकार आलेला नाही, पण चर्चा मात्र नीट सुरू झालीय.

आचारी काकांचं पानही वाचा

ओ-नेटचा मला सगळ्यात आवडलेला गुण म्हणजे त्यात साहेब आणि कामगार यांना एकाच मोजपट्टीनं मोजलंय. इन्स्टिट्यूट आणि कँटीनमधल्या आचाऱ्यांचा कोड ३५-२०१२.००. त्यांची कामं वाचा: पदार्थांचं तापमान पाहून नोंदवणं, माल साठवताना जुना आधी वापरणं, ऋतूप्रमाणे आणि जवळपास मिळणाऱ्या मालाप्रमाणे मेनू ठरवणं, मालाच्या खपाचा आणि खर्चाचा हिशोब ठेवणं.

म्हणजे इन्व्हेंटरी, क्वालिटी कंट्रोल आणि कॉस्टिंग! इंडस्ट्रियल मॅनेजमेंटच्या पेपरला आपण हेच पाठ करून जातो. आणि आपल्या मेसमधले काका हेच काम, पुस्तक न उघडता, रोज दोन वेळा करतात. रविवारी फीस्टला गुलाबजाम कमी पडले म्हणून ओरडण्याआधी हे पान एकदा वाचावं. वर्कशॉपमधल्या वेल्डिंगच्या मामांचं पानही असंच वाचण्यासारखं आहे. जॉब बिघडल्यावर ते नुसत्या ठिणगीच्या आवाजावरून करंट कमी-जास्त सांगतात, ती क्षमता आपल्या मार्कशीटमध्ये कुठल्याच रकान्यात बसत नाही.

काय घ्यायचं, काय सोडायचं?

पानावरचे पगार डॉलरमधले आणि अमेरिकेतले, ते सोडा. नोकऱ्या वाढणार की कमी होणार हे अंदाजही तिथलेच, तेही सोडा. लायसन्सचे नियम वेगळे, सोडा. आणि आकडे ही सरासरी आहे हे विसरू नका. चाकणच्या एखाद्या छोट्या युनिटमधला इंजिनिअर सकाळी डिझाईन, दुपारी खरेदी आणि संध्याकाळी डिस्पॅच बघत असेल, तर त्याला तीन पानं एकत्र वाचावी लागतील. टास्क, स्किल्स आणि प्रश्न विचारायची पद्धत मात्र बिनधास्त घ्या.

आपल्याकडेही व्यवसायांचं वर्गीकरण आहे: नॅशनल क्लासिफिकेशन ऑफ ऑक्युपेशन्स, २०१५. केंद्राच्या श्रम मंत्रालयानं केलेलं. त्यात प्रत्येक व्यवसायाला आठ आकडी कोड आणि कामाचं वर्णन आहे, आणि ते भारतातल्या कामांचं आहे. ओ-नेटसारखे स्किलचे आकडे त्यात नाहीत. शिवाय निरनिराळ्या सेक्टर स्किल काउन्सिल 'क्वालिफिकेशन पॅक' काढतात. त्यात एखाद्या कामात माणसाला नेमकं काय करता आलं पाहिजे ते मुद्द्यांनी दिलेलं असतं. वाहन उद्योगात जायचं असेल तर ऑटोमोटिव्ह काउन्सिलचे पॅक जरूर बघा. काम कसं मोजायचं ते ओ-नेटवरून शिका आणि इथलं काम इथल्या कागदावरून तपासा.

या रविवारचा गृहपाठ

लायब्ररीत किंवा रूमवर, तासाभराचं काम आहे.

१) तुम्हाला हव्या असलेल्या एका व्यवसायाचं पान उघडा. टास्क सगळे वाचा. ज्या टास्कपुढे "हे मला रोज करायला आवडेल" असं वाटतं तिथे खूण करा. निम्म्यांपुढेही खूण नसेल तर पॅकेज बाजूला ठेवून पुन्हा विचार करा.

२) महत्त्वानुसार पहिली दहा स्किल्स वहीत उतरवा. शेजारी पातळी लिहा.

३) तिसरा रकाना करा: 'माझ्याकडे पुरावा काय?' इथे "मी हार्डवर्किंग आहे" चालणार नाही. गॅदरिंगचा हिशोब कोणी ठेवला, बाहाच्या गाडीचा ब्रेक का लागत नव्हता ते कोणी शोधलं, ज्युनियरला कोणी शिकवलं, असं घडलेलं लिहा. नोकरीच्या मुलाखतीत "टेल मी अबाउट युवरसेल्फ" ला उत्तर याच रकान्यातून येतं.

४) ज्या स्किलपुढे रकाना रिकामा राहिला, त्यातली दोन निवडा आणि पुढच्या सेमिस्टरमध्ये ती भरायची ठरवा.

५) तोच व्यवसाय करणारा आपल्या कॉलेजचा एक सीनियर शोधून त्याला टास्कची यादी दाखवा. "यातलं तुम्ही काय करता, आणि यात नसलेलं काय करता?" एवढंच विचारा.

आमच्या सर-मॅडमनाही एक विनंती. सेमिनारच्या विषयांत 'एका व्यवसायाचा अभ्यास' असा एखादा विषय ठेवला तर? प्रत्येकानं एक पान घ्यायचं आणि वर्गापुढे मांडायचं. साठ मुलांच्या वर्गात साठ व्यवसाय होतील. मग पुढच्या वर्षी मेकॅनिकल इंजिनिअर काय करतो असं कोणी विचारलं, तर मागच्या बाकावरूनही उत्तर येईल.

कॅम्पसच्या सीझनसाठी सर्वांना शुभेच्छा!